गुडघेदुखीसाठी होमिओपॅथी, जानुबस्ती, काढे आणि पुड्या: दीड वर्षाचा माझा रिव्ह्यू

आधी माझं दुखणं सांगते, म्हणजे हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा आहे का नाही ते तुमचं तुम्हाला कळेल. वय ५३, डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवते, पहाटे साडेचारला ओट्यापाशी उभी राहते ती अकरापर्यंत, मदतीला दोघीजणी आहेत पण उभं राहणं काही सुटत नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. आधी उजवा गुडघा कुरकुरायला लागला, मग सहा महिन्यांत डाव्याने पण सूर लावला. खाली बसले की उठताना काहीतरी धरावंच लागायचं, आणि हळदीकुंकवाला सगळ्या सतरंजीवर आणि मी एकटी खुर्चीत, नवऱ्यामुलाची आत्या असल्यासारखी.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, एक्सरे काढला, म्हणाले झीज आहे, ग्रेड दोन, वजन कमी करा, खाली बसू नका, जिने टाळा, या गोळ्या घ्या. चार मिनिटं. जिने टाळा म्हणजे काय, घरी जायचं टाळू का? गोळ्यांनी बरं वाटायचं पण पित्त इतकं की आंबट ढेकरांनी झोप नाही, त्यात मला बीपी, आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच सांगितलं की दुखण्याच्या गोळ्या रोज रोज घेऊ नका, बीपी आणि किडनी दोन्हीवर जातं. मग काय करायचं ते मात्र कोणी सांगेना. अशा वेळी माणूस होमिओपॅथीकडे वळतो, आयुर्वेदाकडे वळतो, शेजारणीच्या भाच्याकडे वळतो, मी तिन्हीकडे वळले.

होमिओपॅथीचा दवाखाना

नाव लिहीत नाहीये, कारण माणूस चांगला आहे आणि मी त्यांच्या गोळ्यांबद्दल जे लिहिणार आहे ते त्यांना आवडणार नाही. पहिल्या खेपेला ७०० रुपये, नंतर महिन्याला ४०० गोळ्यांसकट. पहिल्या दिवशी तब्बल सव्वा तास बसवलं. पावसाळ्यात वाढतं का, पंखा सोसतो का, गार पाणी लागतं का कोमट, तिखट आवडतं का गोड, स्वप्नं कसली पडतात, रडू आलं आणि कोणी समजूत घातली तर बरं वाटतं का अजून चिडचिड होते. मी म्हणलं डॉक्टर, गुडघा दुखतोय. ते म्हणाले हो हो, गुडघ्याकडेच येतोय. आणि मग विचारलं की उठताना पहिली दहा पावलं जड जातात आणि चालत राहिलं की मोकळं होतं, असं आहे का? अगदी तस्संच होतं! मला वाटलं या माणसाला सगळं कळलं.

त्यांनी ऱ्हस टॉक्स दिलं, पोटेन्सी २००. हालचाल केल्यावर मोकळं होणारं दुखणं म्हणजे ऱ्हस टॉक्स, आणि जरा हललं तरी वाढणारं म्हणजे ब्रायोनिया, असा त्यांचा हिशोब असतो. डबीवर नुसता १ नंबर टाकलेला होता, मी विचारलं तेव्हा नाव सांगितलं, काही ठिकाणी तेही सांगत नाहीत. पथ्य म्हणजे कच्चा कांदा, लसूण, कॉफी बंद. पोळीभाजीवालीला लसूण बंद, सांगा आता. आणि एक वाक्य जे प्रत्येक होमिओपॅथीवाल्याकडे ऐकू येतं, आधी थोडं वाढेल मग कमी होईल. म्हणजे वाढलं तरी औषध चालतंय आणि कमी झालं तरी औषधच चालतंय, धंद्यात मला असं एखादं वाक्य सापडलं असतं तर!

पहिल्या दीड महिन्यात गुण आला. खरंच आला, खोटं कशाला बोलू. झोप लागायला लागली, सकाळी उठताना आई गं निघायचं ते कमी झालं. मी दहा जणींना पत्ता दिला. तिसऱ्या महिन्यात पावसाळा लागला आणि गुडघा पुन्हा होता तिथे. पोटेन्सी वाढवली, मग औषध बदललं, मग परत पहिलं. पाचव्या महिन्यात माझी भाची सुट्टीला आली, ती फार्मसी शिकते, तिने डबी हातात घेऊन विचारलं, मावशी यात काय आहे माहितीये का.

तिने सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. मूळ अर्काचा एक भाग घ्यायचा आणि ९९ भाग अल्कोहोल-पाण्यात मिसळून हलवायचं, ही झाली पहिली पायरी. त्यातला एक भाग घेऊन परत ९९ भागांत, ही दुसरी. ३० पोटेन्सी म्हणजे अशा तीस पायऱ्या, म्हणजे एकावर साठ शून्यं इतकं पातळ. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ औषधाचा एक कण पण त्यात असण्याची शक्यता उरत नाही, आणि मी घेत होते २००. सॅम्युएल हानेमान या जर्मन डॉक्टरांनी १७९६ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा कण किती बारीक असतो याचा हिशोबच कोणाला लागलेला नव्हता, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. पण आपण आज घेतोय ना. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने सगळा पुरावा चाळून सांगितलं की होमिओपॅथी खात्रीने उपयोगी पडते असा एकही आजार सापडला नाही. आणि २०१७ मध्ये इंग्लंडच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, आपल्या डॉक्टरांना सांगितलं की या गोळ्या लिहून देणं थांबवा.

मी चिडले. म्हणलं मग मला दीड महिना बरं वाटलं ते काय, नाटक होतं का माझं? तर भाचीने मला जे दाखवलं त्याने माझं डोकंच फिरलं. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला ८३ पेशंटवर एक अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला, सगळे सांध्यांच्या सुजेचे म्हणजे ऱ्हुमॅटॉइडवाले, त्यांची नेहमीची औषधं चालूच होती. काहींना होमिओपॅथीची लांबलचक तपासणी आणि खरी गोळी, काहींना तपासणी आणि खोटी गोळी, काहींना तपासणी न करता नुसतीच गोळी. निघालं काय, तर गोळी खरी का खोटी याने काहीच फरक पडला नाही, पण ज्यांना डॉक्टरांनी वेळ देऊन ऐकून घेतलं त्यांना बरं वाटलं. सव्वा तास! मी ७०० रुपये त्या सव्वा तासाचे दिले होते, गोळ्या वरकड.

त्यात अजून एक. अमेरिकेत १५८३ गुडघेदुखीवाल्यांवर मोठा अभ्यास झाला होता, २००६ मध्ये आला, ग्लुकोसामीन वगैरे, म्हणजे गुडघ्याच्या झिजेवर देतात त्या गोळ्या, तपासायला. त्यात नुसती खोटी गोळी घेतलेल्यांपैकी शंभरात ६० जणांचं दुखणं सहा महिन्यांत निदान पाचव्या हिश्श्याने कमी झालं. साठ! आणि खरी दुखण्याची गोळी घेणाऱ्यांत ७०. म्हणजे गुडघेदुखीवर काहीही द्या, निम्म्याहून जास्त लोक पत्ता विचारणाऱ्याला सांगणार की मला गुण आला. आणि ते खोटं बोलत नसतात. दुखणं शिगेला पोचतं तेव्हाच आपण दवाखाना गाठतो, आणि शिगेला पोचलेलं काही दिवसांनी तसंही उतरतं, नाव होतं डबीचं. ग्लुकोसामीनचं सांगायचं तर ते खोट्या गोळीच्या पुढे गेलंच नाही, आणि माझ्या हाडांच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीवर ते होतं, तेव्हा सगळी हसाहशी एकट्या होमिओपॅथीच्या वाट्याला नको.

म्हणून डॉक्टरांना माझे चार स्टार, गोळ्यांना एक, तोही गोड लागतात म्हणून.

पाचवा स्टार का नाही असं नका विचारू, कारण खरं तर एका गोष्टीसाठी तो द्यायला हवा. माझ्या धाकट्या जाऊबाईला मीच तिथे घेऊन गेले होते, तिची बोटं दुखायची. डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले, बोटांचे सांधे एकेक दाबून बघितले, विचारलं सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात. ती म्हणाली तास-दीड तास, गॅसचं बटण पण फिरवता येत नाही. त्यांनी गोळ्या दिल्याच नाहीत. म्हणाले हे माझ्याकडे ठेवून घेण्यासारखं नाही, उद्याच्या उद्या आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करा आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांधेदुखीच्या तज्ज्ञाकडे जा. अँटी-सीसीपी चांगलंच वाढलेलं निघालं.

आपल्याकडे घोटाळा असा आहे की सगळ्यालाच संधिवात म्हणतात. माझी झीज पण संधिवात, जाऊबाईचं पण संधिवात, सासूबाईंचं पण वाताचं. माझं झिजेचं, सकाळी पाच-दहा मिनिटं आखडतं आणि सुटतं. तिचं आहे आमवात, ऱ्हुमॅटॉइड, शरीरच स्वतःच्या सांध्यांवर उठलेलं असतं, दोन्ही हातांना सारखंच, सुजलेलं, गरम, सकाळी तासभर तरी बोटं सुटत नाहीत. त्यात वेळ घालवला की सांधे वाकडे होतात ते परत सरळ होत नाहीत. तिला मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. आता ती पुन्हा भाकऱ्या थापते. ती जर साबुदाण्याच्या गोळ्यांवर वर्षभर बसली असती तर, जाऊ दे.

तेल आणि जानुबस्ती

महानारायण तेल घरी लावलं, तिळाचं तेल, त्यात अश्वगंधा-शतावरी-बिल्व असं बरंच काही उकळलेलं. वास पांघरुणाला लागतो तो जात नाही, पण रात्री कोमट करून दहा मिनिटं चोळलं, वर तव्यावर गरम केलेल्या मिठाच्या पुरचुंडीचा शेक, की झोप लागते. तेलाने झीज भरत नाही, हे वैद्यांनीच मला सांगितलं, उगाच आशा दाखवली नाही. आमच्या आईची रुईची पानं तेल लावून बांधायची पद्धत पण केली, सारखाच आराम, फुकटात. फक्त रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

जानुबस्ती सात दिवस केली, एका वेळचे ५०० रुपये. उडदाचं पीठ भिजवून गुडघ्याभोवती त्याची पाळ बांधतात आणि आत गरम तेल ओततात, गार झालं की काढून परत गरम, असं अर्धा तास. पहिल्या दिवशी पाळ गळली आणि तेल पोटरीवरून खाली, कारण त्या पोरीने पीठ सैल भिजवलं होतं, दुसऱ्या दिवशी मीच भिजवून दिलं. सात दिवस स्वर्ग होता! अर्धा तास आडवं पडायचं, कोणी हाक मारणार नाही, माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. गुण टिकला साधारण तीन आठवडे. परत करायला आवडेल, पण ३५०० रुपये तीन आठवड्यांसाठी म्हणजे चैन आहे, औषध नाही.

पोटात घ्यायचं

शल्लकी म्हणजे सालई गुग्गुळ, आपल्या विदर्भ-खानदेशाच्या कोरड्या जंगलात सालईची झाडं असतात त्याचा डिंक. त्यावर छोटे छोटे अभ्यास झालेत आणि दुखणं थोडं कमी होतं असं निघालंय. मी त्याच्या गोळ्या तीन महिने घेतल्या, थोडा फरक वाटला, पण वरची साठ टक्क्यांची गोष्ट कळल्यापासून मी माझ्या वाटण्यावर फार भरवसा ठेवत नाही.

आयुर्वेदवाल्यांना सरसकट नावं ठेवणाऱ्यांसाठी एक सांगते. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा, ज्यांनी १९९६ पासून भिगवणला गावकऱ्यांच्या सांधेदुखीची पाहणी केली, त्यांनी आणि त्यांच्यासोबतच्यांनी ४४० गुडघेदुखीवाल्यांवर सुंठ-गुळवेलीच्या औषधांची नीट परीक्षा घेतली, कोणाला काय दिलंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. २०१३ मध्ये आलं ते, आणि आयुर्वेदिक औषध सेलेकॉक्सिब या दुखण्याच्या गोळीच्या बरोबरीला उतरलं. पण त्याच अभ्यासात काही जणांचं एसजीपीटी वाढलं, म्हणजे लिव्हरवर ताण, आणि त्यांनी ते लपवलं नाही, लिहिलं. याला म्हणतात प्रामाणिकपणा. करोनात लोक गुळवेलीचा काढा बादलीने पीत होते तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी ६ पेशंटचं लिव्हर बिघडल्याचं २०२१ मध्ये छापलं होतं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही तो भाग वेगळा. झाडपाल्याचं आहे म्हणजे काही होत नाही, हे डोक्यातून काढा. ज्याचा गुण येतो त्याचा त्रासही होऊ शकतो.

योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यात नावापुरता फरक नाहीये बरं का. महायोगराजमध्ये भस्मं असतात, त्यात नागभस्म, म्हणजे शिसं. दुकानदार सहज हे नाही तर ते देतो. वैद्यांना विचारल्याशिवाय भस्मवालं काही घेऊ नका.

हळदीचं दूध घेते, चांगलं लागतं म्हणून. ज्या अभ्यासात हळद आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळीच्या जवळपास पोचली त्यात रोज दीड ग्रॅम अर्काच्या कॅप्सूल होत्या, आपल्या चिमूटभर हळदीत करक्युमिन, म्हणजे हळदीतलं कामाचं द्रव्य, असतंच किती. डिंकाचे लाडू मात्र गुडघ्यासाठी खाऊ नका, खायचे तर लाडवासाठी खा, माझं वजन एका थंडीत दोन किलो वाढलं.

पुड्या

आता मुख्य. हे वाचायला आलात तरी पुरे.

सासूबाई ७६ वर्षांच्या, त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट. गावाकडून एकांनी पुड्या आणून दिल्या, कागदात बांधलेली करडी पावडर, ३० पुड्या १५०० रुपये, शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही. नाव नाही, लायसन नंबर नाही, काय घातलंय ते नाही. चौथ्या दिवशी सासूबाई काठीशिवाय तीन जिने चढल्या! पाचव्या दिवशी बिल्डिंगमधल्या चार बायका पुड्या मागायला आल्या. मीपण घेतल्या, तीन. कधी नव्हे तो गुडघा इतका हलका की मी पहाटे ओट्यापाशी गाणं म्हणत होते, आमच्या मदतनीस घाबरल्या.

तीन महिने सासूबाईंचं चाललं. भूक वाढली, चेहरा गोल झाला, आम्हाला वाटलं तब्येत सुधारली. मग शुगर, जी कधीच नव्हती, ती २८० निघाली. अंगावर जरा लागलं की निळे डाग. मध्ये पुड्या संपल्या, आणणारा फोन उचलेना, आणि आठवड्यात त्या अंथरुणाला खिळल्या, उलट्या, चक्कर, बीपी खाली. दवाखान्यात नेलं तर त्या डॉक्टरीणबाईंनी गोल चेहरा बघून पहिला प्रश्न विचारला, कसल्या पुड्या घेत होता का? सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं, ते तळाला. त्या म्हणाल्या अशा पुड्यांत बरेचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं बंद करतं, आणि पुडी एकदम थांबली की माणूस कोसळतो. पुडी आम्ही लॅबमध्ये तपासून घेतली नाही, एकच उरली होती ती पण ओली झाली, त्यामुळे छातीठोक सांगत नाही, पण शुगर, चेहरा, कॉर्टिसॉल सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. त्यांना स्टिरॉइडची गोळी देऊन ती महिनोन्महिने हळूहळू कमी करत आणली. ज्यांच्या घरात अशा पुड्या चालू असतील त्यांनी घाबरून एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरकडे जा आणि पुडी सोबत न्या.

गंमत म्हणजे होमिओपॅथीच्या गोळीत काही नाही म्हणून ओरड, आणि या पुडीत भलतंच असण्याची भीती. चार दिवसांत चमत्कार झाला की पेढे वाटायच्या आधी डबा उलटा करून बघा, आयुर्वेदिक औषधावर पण लायसन नंबर, बॅच, बनवणाऱ्याचा पत्ता आणि आतले घटक छापावेच लागतात.

मग गुडघा कशाने सुधारला

सांगते, कंटाळवाणं आहे. फिजिओ. सहा वेळा गेले, एका वेळचे ४००. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा आणि दहा मोजायचे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं. पहिले दोन आठवडे जास्त दुखलं, मी सोडणार होते, त्या मुलीने फोन करून करून करवलं. तिसऱ्या महिन्यात फरक पडला आणि हा फरक पावसाळ्यात गेला नाही. मांडीचा स्नायू भार घ्यायला लागला की गुडघ्यावरचा कमी होतो, एवढंच त्याचं गणित. सोबत वजन ७८ वरून ७२. एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा चारेक किलो भार उतरतो म्हणे, म्हणजे माझे २४ किलो, जवळजवळ पिठाची एक गोण. जास्त दुखलं तर डायक्लोफेनॅकचं जेल वरून लावते, पोटाला त्रास नाही.

हे सगळं त्या हाडांच्या डॉक्टरांनी चार मिनिटांत सांगितलेलं होतंच की, वजन कमी करा. पण कसं, कोणता पाय कुठे ठेवून, जिना चढताना कुठला आधी, हे कोणी बसून सांगितलं असतं तर माझी डबी, बस्ती, पुडी यातलं निम्मं टळलं असतं.

अजून मांडी घालून बसता येत नाही. जिने मात्र कठडा न धरता चढते, उतरताना धरते. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना मी हे सगळं तोंडावर सांगितलं, साउथॅम्प्टनचं पण. ते हसले, म्हणाले म्हणजे माझी फी वाया नाही गेली, आणि व्यायाम चालू ठेवा. त्यांच्या रिकाम्या डब्यांत मी आता वेलदोड्याची पूड ठेवते.

सासूबाई अजून विचारतात, त्या पुडीवाल्याचा नंबर सापडला का गं? त्यानेच तर मी चालत होते.